मांडव कोणाचा?

इमारतीची पायाभरणी होते, पण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली जाते. शाळा, वर्तमानपत्र, सहकारी बँक, नाटक मंडळी, यांतले काहीही सुरू झाले की आपण हाच शब्द वापरतो. मेढ म्हणजे मांडवाचा खांब. कार्याआधी शुभ वेळ पाहून मांडवाचा पहिला खांब रोवतात, ती मुहूर्तमेढ. शंभर वर्षे टिकावे म्हणून जे उभारायचे, त्याच्या आरंभासाठी मराठीने चार दिवसांत उतरणाऱ्या वास्तूचा शब्द निवडला, याचे मला पूर्वीपासून कुतूहल आहे. माझी समजूत अशी, की घर एकाच्या पैशाने उभे राहू शकते, पण मांडवाला चार घरचे हात लागतात. कोणाचे वासे, कोणाची जाजमे, कोणाच्या अंगणाचा तुकडा. मांडव उभा राहिला याचा अर्थ माणसे जमली.

शहरांचा इतिहास लिहिताना मात्र आपण मांडवाकडे पाहत नाही. मुंबईचा इतिहास म्हणजे टाउन हॉल, राजाबाई टॉवर, बोरीबंदरचे स्थानक. दगडी इमारतीचे नकाशे असतात, कोनशिला असते, उद्घाटकाचे नाव असते. मांडव उतरला की जमिनीत चार खड्डे राहतात आणि तेही पावसात बुजतात. त्याचा माग वर्गणीच्या पावत्यांत, जुन्या वृत्तपत्रांत आणि आत्मचरित्रांत काढावा लागतो. असा माग काढताना १९२६ ते १९३४ या आठ वर्षांतले तीन मांडव मला महत्त्वाचे वाटले: दादरचा, महाडचा आणि लालबागचा. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ या तिन्ही ठिकाणी पणाला लागला होता.

शब्दाची वाट

हा शब्द आज इतका गुळगुळीत झाला आहे, की त्याला एके काळी धार होती हे लक्षात येत नाही. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे सभासद होण्यासाठी किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे ‘मी लोकांच्या वतीने बोलतो’ एवढे म्हणून भागत नसे, लोकांच्या सह्या दाखवाव्या लागत. महात्मा फुले यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये त्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झाले. तिथे या शब्दाने स्त्री-पुरुष आणि सर्व जाती-धर्मांची माणसे कवेत घेतली. त्यानंतर दोनच वर्षांनी हा शब्द गणेशोत्सवाला जोडला गेला.

सार्वजनिक गणेशोत्सव नेमका कोणी आणि कोणत्या वर्षी सुरू केला, भाऊसाहेब रंगारी की लोकमान्य टिळक, हा वाद पुण्यात दर भाद्रपदात रंगतो. त्यात शिरण्याचे इथे कारण नाही. घरातला देव रस्त्यावरच्या मांडवात आल्यामुळे शहरात काय बदलले, हा माझा विषय आहे. मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतला उत्सव १८९३ पासूनचा. चाळ ही या कामासाठी जणू बांधूनच ठेवली होती. मधे अंगण, भोवती मजल्यांवरच्या गॅलऱ्या. अंगणात मांडव घातला की गॅलऱ्या आपोआप प्रेक्षागार होत. कीर्तन, व्याख्यान, मेळ्याची पदे, सारे कठड्याला रेलून ऐकता येई. सभागृहाचे भाडे नाही, तिकीट नाही. गिरगावातल्याच शांताराम चाळीच्या अंगणात पुढे टिळकांपासून जिनांपर्यंत अनेकांच्या सभा झाल्या.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती. त्यापूर्वी मोहरमच्या ताबुतांत हिंदू मोठ्या संख्येने सामील होत. दंगलीनंतर तिथे जाऊ नका असा प्रचार झाला आणि ती गर्दी आटली. मेळ्यांच्या काही पदांतही हा कडवटपणा उतरला. एक सामायिक जागा रिकामी होत असताना दुसरी भरत होती. त्यामुळे ‘सार्वजनिक’ या विशेषणातले ‘सर्व’ कोण, हा प्रश्न या उत्सवाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे.

दादर, १९२६

तो प्रश्न उघडपणे विचारला गेला दादरला. तिथल्या सार्वजनिक गणेशोत्सवासाठी वर्गणी सगळ्या जातींकडून घेतली जाई, पण व्यवस्थापन ब्राह्मण मंडळींच्या हाती असे. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘माझी जीवनगाथा’ या आत्मचरित्रात ही हकिगत सांगितली आहे. वर्गणी सर्वांची, तर पूजेचा अधिकारही सर्वांचा, म्हणजे अस्पृश्यांचाही, अशी मागणी घेऊन ते आणि त्यांचे तरुण सहकारी १९२६ च्या उत्सवात पहिल्याच दिवशी मांडवात जाऊन उभे राहिले. दुपारपर्यंत निर्णय द्या, नाही तर मूर्तीच फोडतो, असा त्यांचा निर्वाणीचा इशारा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रावबहादूर सी. के. बोले तिथे होते. बऱ्याच वाटाघाटींनंतर तडजोड निघाली. एका दलित कार्यकर्त्याने स्नान करून लाल फुलांचा गुच्छ पुजाऱ्याच्या हाती द्यायचा आणि पुजाऱ्याने तो गणपतीला वाहायचा.

तडजोड अर्धीमुर्धीच होती. फुले पोचली, पण देणारा हात देवापर्यंत पोचला नाही. तरीही एक गोष्ट घडली. देवळात शतकानुशतके जी मागणी दारातही उभी राहू शकली नव्हती, ती मांडवात एका दिवसात मान्य करावी लागली. देवळाला परंपरेची भिंत होती. मांडवाला होता तो वर्गणीचा हिशेब आणि पावतीवरचा ‘सार्वजनिक’ हा शब्द. ज्याच्याजवळ पावती होती, त्याला जाब विचारता येत होता.

पुढचे वळण अधिक बोलके आहे. व्यवस्थापकांनी तो उत्सवच गुंडाळला. त्यावर प्रबोधनकार आणि मंडळींनी लोकहितवादी संघातर्फे त्याच वर्षी दादरला श्रीशिवभवानी नवरात्र महोत्सव सुरू केला. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक नवरात्रोत्सवाची मुहूर्तमेढ ती. एक मांडव बंद झाला तर दुसरा घालता येतो, ही सोय दगडी देवळाबाबत नसते.

महाड, १९२७

वाटाघाटीत हजर असलेल्या बोल्यांचे नाव इथे पुन्हा येते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनीच मांडलेला ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. दादरला वर्गणीचा जो न्याय लावला गेला, तोच इथे कराच्या पैशाला लावलेला दिसतो. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळ्यावर पाऊल टाकणे शक्य नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेतले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळ्यावरून परतल्यावर सवर्णांच्या जमावाने त्यांना मारहाण केली, मांडवातले अन्न मातीत मिसळले.

डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद भरवायची ठरली, तेव्हा प्रश्न होता जागेचा. हजारो माणसे येणार आणि गावात मांडव घालायला कोणी हिंदू जमीन देईना. अखेर फत्तेखान या स्थानिक मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. गावातले व्यापारी माल देणार नाहीत हे गृहीत धरून शिधासामग्री बाहेरून आणली गेली. मांडवात एकच तसबीर होती, ती गांधीजींची. २५ डिसेंबरच्या रात्री मांडवासमोर खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृती जाळण्यात आली. ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते.

तळे खाजगी मालकीचे आहे, असा दावा विरोधकांनी न्यायालयात लावला होता आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. त्यामुळे प्रत्यक्ष पाणी घेणे लांबणीवर टाकावे लागले. इथे दोन जागांची तुलना केली पाहिजे. नगरपालिकेच्या ताब्यातले तळे कागदोपत्री सार्वजनिक होते आणि अर्ध्या गावाला बंद होते. फत्तेखानांची जमीन कागदोपत्री खाजगी होती आणि तीन दिवस सर्वांना खुली होती. मालकीचा उतारा पाहून जागा कोणाची हे कळत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही. तळ्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात डॉ. आंबेडकरांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडले.

लालबाग, १९३४

तिसरा मांडव पोटापाण्याचा आहे. परळ-लालबाग म्हणजे गिरणगाव. तिथे पेरू चाळीच्या जागेवर बाजार भरत असे. १९३२ मध्ये तो बंद झाला. मासळीवाल्या कोळणी आणि इतर छोटे विक्रेते उघड्यावर बसू लागले. मंडळ आपला जो इतिहास सांगते त्यानुसार बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून या लोकांनी गणपतीला नवस केला. नवसाबरोबर खटपटही चालली होती. स्थानिक पुढारी आणि नगरसेवक यांनी पाठपुरावा केला, जमीनमालक राजाबाई तय्यबअली यांनी जागा दिली आणि बाजार उभा राहिला. त्या आनंदात १२ सप्टेंबर १९३४ रोजी तिथे गणपती बसला. आज ज्याला लालबागचा राजा म्हणतात, तो हाच.

आज त्या मांडवात मुखदर्शनाची रांग वेगळी आणि नवसाची रांग वेगळी. नवस नोकरीचा असतो, मुलाचा असतो, घराचा असतो. तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचे नाही. पण पहिला नवस एका माणसाचा नव्हता. तो एका वस्तीने बसण्याच्या जागेसाठी केलेला नवस होता. त्या रांगांत उभ्या असणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? मुंबईत फेरीवाल्यांच्या जागेचा प्रश्न आजही सुटलेला नाही. त्यांच्यावर दर काही दिवसांनी गाडी येते, माल उचलला जातो. अशा शहरातला सर्वांत गर्दीचा मांडव मूळचा बाजारवाल्यांच्या हक्काचा आहे, ही आठवण राहायला हवी.

आजचे मांडव

शहररचनेच्या क्षेत्रात अलीकडे ‘प्लेसमेकिंग’ हा शब्द रूढ झाला आहे. रस्ता काही तास वाहनांना बंद करायचा, बाकडी-कुंड्या मांडायच्या, लोकांना चालू-बसू द्यायचे. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळतात. उपक्रम चांगलाच आहे. पण ज्या लक्ष्मी रस्त्यावरून विसर्जनाची मिरवणूक कित्येक पिढ्या जाते आहे, त्या शहराला तात्पुरती जागा घडवणे नवे नाही.

मात्र मांडवाच्या नावाने सगळेच खपवून घ्यावे असेही नाही. मांडवामुळे रुग्णवाहिका अडते, म्हाताऱ्या माणसाला फुटपाथ मिळत नाही, ध्वनिवर्धकाने आजाऱ्याची झोप उडते. रस्ता अडवून मांडव घालणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले, ते योग्यच होते. त्याहून चिंतेची गोष्ट मला वर्गणीची वाटते. घरोघर पावतीपुस्तक घेऊन फिरणारी पोरे कमी झाली आणि कमानीवरच्या जाहिराती वाढल्या. १९२६ मध्ये दादरच्या तरुणांना जाब विचारता आला, कारण वर्गणी त्यांच्या लोकांची होती. जाहिरातदाराच्या पैशावर उभ्या राहिलेल्या मांडवात शेजारच्या चाळीतल्या माणसाने कोणत्या अधिकाराने प्रश्न विचारायचा?

या पार्श्वभूमीवर दर ६ डिसेंबरचे शिवाजी पार्क पाहावे. १९५६ मध्ये बाबासाहेबांवर दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हापासून लोक येतात. विदर्भ-मराठवाड्यातून भाकऱ्या बांधून येतात. महापालिका मैदानात मांडव, नळ, शौचालये उभारते, संस्था जेवण देतात आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. चार-दोन दिवस तिथे एक गाव वसते आणि बाया-बापडे जाताना पुस्तक घेऊन जातात. मग सगळे उतरते आणि मैदानात पुन्हा क्रिकेट सुरू होते. महाडला ज्यांना मांडवापुरती जमीन मिळत नव्हती, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांसाठी शहर दरवर्षी आपले सर्वांत मोक्याचे मैदान रिकामे करते. हा हक्क कोणत्याही उताऱ्यावर नोंदलेला नाही. दरवर्षी येऊन तो राखला जातो.

या सगळ्याचा नीट इतिहास लिहायचा तर साधने हवीत, आणि ती मंडळांच्या कपाटांत आहेत. जुनी पावतीपुस्तके, इतिवृत्तांच्या वह्या, मांडववाल्याची बिले, पोलीस परवान्यांचे कागद. वर्गणी कोणी दिली, कोणाची घेतली नाही, व्याख्यानाला कोणाला बोलावले, कोणत्या वर्षी भांडण झाले, हे त्यांतूनच कळेल. जागा बदलताना आणि कार्यालय रंगवताना हे कागद रद्दीत जातात. अनेक मंडळांची शताब्दी आता होऊन गेली आहे किंवा तोंडावर आली आहे. रोषणाईच्या खर्चातला थोडासा भाग काढून त्यांनी हे दप्तर जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या हवाली करावे. मांडव उतरल्यावरही तो कोणाचा होता, हे सांगणारे काही तरी मागे राहील.