विहीर, डांस आणि कुर्ल्याची वेस

हिवतापाचें मूळ दलदलीच्या दूषित हवेंत आहे, ही समजूत शतकानुशतकें रूढ होती. मिठी नदी, खाजणें आणि मिठागरें यांच्या सान्निध्यांत वसलेल्या कुर्ल्यास ती सहज पटण्याजोगी होती. परंतु १८९७ च्या ऑगस्टमध्यें सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांना डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतु आढळले, आणि दोष हवेवरून डांसावर आला.

पण डांस कोणता, आणि तो वाढतो कोठें? मुंबईपुरतें याचें उत्तर डॉ. चार्ल्स बेंटले यांच्या १९११ च्या अहवालानें दिलें, आणि तें अनपेक्षित होतें. शहरांतील मुख्य अपराधी ‘अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी’. त्याला चिखल नको. विहिरी, हौद व टाक्या यांतील स्वच्छ, स्थिर पाणी हवें. घरचा पाणवठाच रोगाचा पाळणा ठरला!

विहिरी बुजवा किंवा झांका, हा उपाय सांगावयास सोपा होता. परंतु पारशी मंडळींस विहिरीचें पाणी धर्मविधींकरितां लागे, आणि पुष्कळ हिंदु घरांत देवकार्यास नळाचें पाणी चालत नसे. रोग टाळावा कीं आचार पाळावा, हा पेंच पडला. अखेरीस झांकणास जाळीची झडप बसवून, तर कोठें अळ्या खाणारे मासे सोडून तडजोड करण्यांत आली.

दुसरी अडचण हद्दीची. १९५० पर्यंत कुर्ला मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होतें. महापालिकेचा अंमल वेशीपाशीं संपे. डांसास मात्र वेस ठाऊक नव्हती.

पुढें डी. डी. टी. आली. १९५३ सालीं राष्ट्रीय नियंत्रणाचा आणि १९५८ सालीं निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. १९६५ च्या सुमारास देशांतील नोंदलेले रोगी लाखभर उरले. विजय हातीं आला असें वाटून दक्षता सैल झाली; डांसांसही औषध सोसूं लागलें. १९७६ सालीं रोगी सुमारें ६४ लाख झाले! भिंतीवरील फवाऱ्यानें टाकींतील अळी मरत नाहीं. म्हणून १९७१ पासून शहरांकरितां अळीनाशाची निराळी योजना आंखावी लागली होती.

आज निर्मूलनासाठीं २०३० ची मुदत ठरलेली आहे. विहिरींची जागा आतां गच्चीवरील टाक्यांनीं व नव्या इमारतींच्या बांधकामांतील सांचलेल्या पाण्यानें घेतली आहे. औषधें बदललीं, वेस पुसली गेली. पण टाकीचें झांकण घट्ट बसविणें हें काम प्रत्येक घराकडेच राहिलें आहे.