घरातलं टाकं : पाण्याच्या मालकीचा छोटा इतिहास



आजचा विषय घरच्या घरी पावसाचं पाणी साठवण्याच्या टाक्याचा आहे. हा तर गवंड्याचा विषय, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं त्यात का पडावं, असं कुणीही विचारेल. मला त्यात एक जुना प्रश्न दिसतो. आकाशातून पडणारं पाणी कुणाचंच नसतं. ते साठवलं की कुणाचं तरी होतं. मग ते कुणाचं होतं, आणि ज्यांचं नसतं त्यांचं काय?

सुरुवात मुंबईपासून करू. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत, शंभरावर. आपण मूर्ती बघतो, स्तूप बघतो आणि परत येतो. पुढच्या वेळी विहारांच्या अंगणाकडे बघा. एका कडेला जमिनीत कोरलेलं पाण्याचं टाकं दिसेल. वर डोंगरउतारावर खडकात बारीक पन्हळी खोदल्या आहेत, त्या पावसाचं पाणी टाक्याकडे आणतात. डोंगर हेच छप्पर! या टाक्यांना तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलं आहे. एक पाण्याची पोढी कल्याणच्या एका सोनारानं दिली, असा लेख तिथे आहे. म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी टाकं ही दान देण्याची गोष्ट होती. देणारा कल्याणला, पिणारा डोंगरावर. दोघांची भेट होण्याची गरजही नव्हती.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ, म्हणजे खासगी घरात. यासाठी मी अहमदाबाद निवडतो, कारण तिथल्या जुन्या पोळांमध्ये ही टाकी आजही बघायला मिळतात. पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आतली वस्ती, अरुंद गल्ली आणि भिंतीला भिंत लागून घरं. पुष्कळ विहिरींचं पाणी मचूळ. म्हणून ज्यांना परवडलं त्यांनी घराच्या चौकाखाली टाकं बांधलं. गुजरातीतही त्याला टांकं म्हणतात. आपण गडावर टाकं म्हणतो तोच शब्द.

त्याची रीत नीट समजून घ्या. पावसाळ्याआधी गच्ची झाडून धुवायची. पहिला पाऊस टाक्यात घ्यायचा नाही. त्यात वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते, तो गल्लीत सोडून द्यायचा. गच्ची स्वच्छ झाली की नळीचं तोंड टाक्याकडे वळवायचं. टाकं आतून चुन्यानं गिलावा केलेलं, वर घट्ट झाकण. आत उजेड नाही, म्हणून शेवाळ धरत नाही. बस, एवढंच. यात न समजण्यासारखं काही नाही. फक्त दरवर्षी, वेळेवर, कुणीतरी गच्ची झाडली पाहिजे.

जरा हिशेब करू. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 50 चौरस मीटरची गच्ची आणि 700 मिलिमीटर पाऊस धरला तर 35,000 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला म्हणा, 28,000 उरले. सहा माणसांचं घर, पिण्या-स्वयंपाकाला माणशी 5 लिटर, तर वर्षाला सुमारे 11,000 लिटर. म्हणजे अहमदाबादसारख्या बेताच्या पावसातही भागून उरतं. पण आज शहरात माणशी 135 लिटर हे प्रमाण मानतात. त्यानं गेलात तर तेच 28,000 लिटर 35 दिवसांत संपतात. पाऊस तोच, गच्ची तीच. फरक पडला तो ‘गरज’ या शब्दाच्या अर्थात. टाकं असलेल्या घरात बाईनं झाकण उघडलं की पाणी किती खाली गेलंय ते दिसायचं, आणि हिशेब आपोआप व्हायचा. नळाला तळ दिसत नाही.

मग ही टाकी मागे का पडली? रणछोडलाल छोटालाल हे नाव लक्षात ठेवा. अहमदाबादची पहिली कापडगिरणी त्यांनी काढली, पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नळाचं पाणी आणि गटारं यांसाठी ते हटून बसले. शहरातून विरोध झाला. कर वाढणार हा त्यातला मोठा मुद्दा. तरीही 1891 साली नळ आले. आता विरोध करणाऱ्यांत टाकंवाले घरमालक असणारच, असा माझा तर्क आहे. ज्याच्या चौकाखाली गोड पाणी आहे त्यानं शेजाऱ्याच्या नळासाठी कर का द्यावा?

इथे आपल्या प्रश्नाची गाठ आहे बघा. टाक्याचं कौतुक करताना आपण विसरतो की टाक्याला आधी छप्पर लागतं, स्वतःचं. ज्याला छप्पर नाही त्याला टाकं नाही. त्याला सार्वजनिक पाणीच हवं. आणि सार्वजनिक म्हटलं म्हणून ते सर्वांचं होतंच असंही नाही. महाडचं चवदार तळं नगरपालिकेनं 1924 मध्ये ठरावानं सर्वांना खुलं केलं होतं. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तिथं गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. पुढे कोर्टकचेरी झाली, ती 1937 पर्यंत चालली. सार्वजनिक तळ्यावर निदान हा हक्क मागता आला. घरातल्या टाक्यावर कोण मागणार?

म्हणून माझं म्हणणं असं. घरी टाकं जरूर बांधा. तमिळनाडूनं 2003 मध्ये सर्व इमारतींना पाऊसपाण्याची सोय सक्तीची केली, ते योग्यच झालं. थायलंडच्या ईशान्य भागात 1980च्या दशकात गावकऱ्यांनी सिमेंटचे मोठमोठे रांजण स्वतः बांधले, लाखांच्या संख्येनं. गवंडीकाम अवघड नाही. पहिलं पाणी सोडण्याची सोय ठेवा, उजेड आणि डास आत जाऊ देऊ नका, भरून वाहणारं पाणी जमिनीत जिरवा, पिण्याआधी उकळा. आणि गच्ची कोण झाडणार ते आधी ठरवा, नाहीतर टाकं नकाशावर राहील. ठरावाचं झालं तेच.

पण टाकं झालं म्हणून नळाच्या प्रश्नातून अंग काढून घेऊ नका. सोसायटीचं टाकं भरलेलं आहे आणि मागच्या वस्तीत टँकरची रांग लागली आहे, हे दृश्य आपल्या शहरांत नवं नाही. अशा वेळी पाणीपट्टीला, नव्या जलवाहिनीला पाठिंबा देणारा आवाज टाकं असलेल्या घरातून आला तर त्याला वजन येतं, कारण त्याला त्यातून स्वतःसाठी काही नको असतं. कल्याणच्या त्या सोनाराला डोंगरावरचं पाणी प्यायचं नव्हतं. तरी त्यानं पोढी दिली.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.