नेम, अंतर आणि आपला आदिलाबाद

निर्मलचा वड आणि जोडेघाटचा डोंगर ही जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील दोन ठिकाणे. एका ठिकाणी रामजी गोंड यांना फाशी दिल्याचे सांगतात. दुसऱ्या ठिकाणी कुमराम भीम गोळीबारात पडले. या वीरांचे शौर्य आपण आदराने सांगतो. पण लांबवरून अचूक मारा करण्याची विद्या त्या काळात कोणाच्या हाती होती, हेही समजून घ्यायला हवे.

जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीत गोळी नळीपेक्षा थोडी लहान असे. बार उडाला की ती आतल्या आत धडका खात बाहेर पडे. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर धरलेला नेम बेभरवशाचाच. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीने हे बदलले. तिच्या ३९ इंची नळीत तीन पिळदार खाचा होत्या. ७८ इंचांत एक फेरा असा तो पीळ; म्हणजे गोळी अर्धा फेरा घेऊन बाहेर येई आणि तशीच गरगरत जाई. भोवरा फिरत असेपर्यंत ताठ उभा राहतो, तशी फिरती गोळी आपले तोंड सरळ ठेवते.

मात्र एवढ्याने नेम साधत नाही. नळीतून सुटताच गोळी खालीही येऊ लागते. पहिल्या सेकंदातच ती नेमाच्या रेषेपासून सुमारे सोळा फूट खाली उतरते. म्हणून लांबच्या निशाणासाठी नळी थोडी वर धरावी लागते. किती वर, ते अंतरावर ठरते. अंतराचा अंदाज चुकला तर हात कितीही स्थिर असो, गोळी डोक्यावरून जाते किंवा पायाशी माती उडवते. इंग्लंडात हाइथ येथे १८५३ मध्ये निघालेल्या शाळेत शिपायांकडून नजरेने अंतर ओळखण्याची कवायत करून घेत.

हिंदुस्थानात या रायफलीचे शिक्षण डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे सुरू झाले. खाचांच्या नळीत गोळी नीट उतरावी म्हणून काडतुसाला वंगण लावत. १८५७ चा भडका उडाला तो याच चरबीवरून. अचूक नेमाच्या हव्यासातूनच ही ठिणगी पडली, असे म्हणता येईल.

त्या उठावाच्या धामधुमीत रामजी गोंड यांनी रोहिल्यांना सोबत घेऊन निर्मल भागात इंग्रज आणि निजामाच्या सत्तेशी झुंज दिली. पुढे १९४० मध्ये जल, जंगल, जमिनीच्या हक्कासाठी उभे राहिलेले भीम जोडेघाटला पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. सत्तेपाशी दारूगोळा होता, सराव होता आणि दुरून मारण्याची सोय होती. गोंडांपाशी डोंगराची माहिती आणि न्यायाची मागणी होती.

गोळीबारानंतर निजाम सरकारला या लोकांजवळ जावे लागले. अभ्यासक हायमेनडॉर्फ गोंडांमध्ये येऊन राहिले. मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी इथे अधिकारी असताना गोंडी भाषेचा अभ्यास केला आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. बंदूक दुरून चालवता येते. माणसाचे दुःख कळायला त्याच्या दारात जावे लागते, त्याची बोली शिकावी लागते.

जोडेघाटला आज स्मारक आणि संग्रहालय आहे. या वर्षी मुलांना घेऊन तिथे अवश्य जाऊ या.