आपली विहीर : पंचवीस वर्षांचा एक हिशेब

स्मरणिका समितीची मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बँकेतले. जुनी कागदपत्रं तुम्हालाच कळतात. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." नाही म्हणायची सोय नव्हती. मग २००० सालापासूनच्या सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या काढून महिनाभर वाचल्या. वाटलं होतं, सगळ्यात जास्त वाद लिफ्टवरून किंवा मेंटेनन्सवरून झाले असतील. तसं नाही. पंचवीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा नाव आलंय ते मागच्या कोपऱ्यातल्या विहिरीचं. म्हणून तिचाच इतिहास लिहितो. त्यात आपला सगळ्यांचा येतोच.

आधी थोडं मागचं. कोल्हापूरकराला घर म्हणजे पेठेतला वाडा, शेजारी तालीम आणि कोपऱ्यावर दूधकट्टा. शहर वाढायला लागलं तेव्हा शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. पुढे राजाराम महाराजांच्या नावानं राजारामपुरी झाली. तिथल्या गल्ल्यांना नावंही दिली नाहीत, पहिली, दुसरी, तिसरी असे नुसते आकडे. इकडे मुंबईत १९१५ साली रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या देशातल्या सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात तिथली धरतात. १९०४ चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर कामांसाठीही संस्था काढायची मुभा दिली, म्हणून हे शक्य झालं. आज आपण ज्या कायद्याखाली नोंदलेलो आहोत तो महाराष्ट्राचा १९६० चा.

कोल्हापुरात सोसायटी म्हटलं की बरीच वर्षं प्लॉटचीच सोसायटी समजायचे. फ्लॅट म्हणजे "हवेतलं घर", असं माझे वडील म्हणायचे. पायाखालची जमीन आपली नाही, डोक्यावरचं छप्पर आपलं नाही, मग विकत घेतलं काय? पण १९७६ चा कमाल जमीनधारणा कायदा आपल्या शहरालाही लागू होता, मोकळ्या जमिनीचे व्यवहार अडकले आणि प्लॉटचे भाव नोकरदाराच्या हाताबाहेर गेले. मंगळवार पेठेतल्या आमच्या सामायिक वाड्यात भावाभावांच्या वाटणीत माझ्या वाट्याला दीड खोली आली आणि १९९८ साली मी हवेतलं घर बुक केलं.

नव्या पिढीसाठी एक आकडा देतो. त्या काळी घरकर्जाचा दर १४ टक्क्यांच्या घरात होता. तीन लाख रुपये १५ वर्षांसाठी काढले तर हप्ता बसायचा महिना ३,९९५ रुपये. म्हणजे तीन लाखांचे सव्वासात लाख भरायचे. हेच कर्ज ८ टक्क्यांनी काढलं तर हप्ता २,८६७ होतो. आपल्या २४ घरांपैकी बहुतेकांनी पहिल्या दराने घर घेतलंय. कुणी दागिने मोडले, कुणी गावाकडची पट्टी विकली. तेव्हा इथलं प्रत्येक दार किती कष्टाचं आहे ते लक्षात ठेवा.

आता विहीर. आपली इमारत उभी राहायच्या आधी इथं मळा होता. विहीर त्या मळ्याची, दगडात बांधलेली, वर लोखंडी रहाट. आपल्या करारपत्रात लिफ्ट होती, टाइल्स होत्या, नळाचे कॉक कुठल्या प्रतीचे तेही होतं. विहिरीचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. मी स्वतः तो करार तीनदा वाचला होता, पण ही गोष्ट माझ्याही लक्षात आली नाही.

२००४ साली बिल्डरने प्रस्ताव दिला. विहीर बुजवून त्या कोपऱ्यात सहा गॅरेज बांधतो, त्यातली दोन सोसायटीला फुकट. तेव्हा मी खजिनदार होतो. मला हा व्यवहार फायद्याचा वाटला. विहिरीत डास होतात, पोरं पडायची भीती, आणि नळाला पाणी आहेच! विहीर बुजवण्याचा ठराव मीच लिहिला. वहीत तो अजून माझ्या अक्षरात आहे.

सभेत तळमजल्यावरच्या आक्का उठल्या. आता त्या नाहीत. त्यांचं माहेर जोतिबाच्या पायथ्याचं. शाळा चौथीपर्यंत, पण बोलणं सरळ. म्हणाल्या, "सायेब, तुमच्या बँकेत मुदतीआधी ठेव मोडली तर दंड लावता न्हवं? मग ही ठेव फुकटात कशी मोडाय निघालाय?" सभा हसली. मग त्यांनी विचारलं, "गांधी मैदानात पावसाचं पाणी का साचतंय, ठाव हाय का कुणाला?"

ठाऊक सगळ्यांना होतं, पण त्या नजरेने कुणी पाहिलं नव्हतं. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ. कपिलतीर्थ तळ्याच्या जागी मंडई झाली. रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम. आपलं जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं. एकेक तळं बुजलं आणि प्रत्येक वेळी कारण चांगलंच होतं. कधी बाजार हवा होता, कधी मैदान हवं होतं. रंकाळा आणि कोटीतीर्थ राहिले म्हणून आपल्याला तलाव म्हणजे काय ते माहीत तरी आहे.

मतदान झालं. बुजवा म्हणणारे ११, ठेवा म्हणणारे १२, एक घर बंद होतं. एका मताने माझा ठराव पडला. खरं सांगतो, त्या दिवशी मला राग आला होता.

ठराव पडला तरी कोपऱ्याची जागा अजून कागदावर आपली नव्हती. मोफा म्हणजे १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत जमिनीचं खरेदीखत द्यायला हवं. आपल्याला तेरा वर्षं लागली. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट मोकळी झाली, तेव्हा आपण जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला आणि २०१३ साली मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव लागलं. वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी मिळालं. पायाखालची जमीन आपली झाली होती, पण माझ्या एकट्याची नाही, चोवीस जणांची.

आणि मग ऑगस्ट २०१९ आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आपला भाग उंचावर, त्यामुळे पूर दारात आला नाही. पण महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीचे उपसा पंप पाण्याखाली. सगळीकडे पाणीच पाणी आणि नळ कोरडे! वीज गेली तेव्हा मोटारीही बंद पडल्या. मग आक्कांनी काढू न दिलेला तो गंजका रहाट कामाला आला. दोर बांधला, तेल घातलं आणि पहाटे पाचपासून रांग लागली. पिण्याला टँकरचं किंवा उकळलेलं, बाकी सगळ्याला विहिरीचं. पलीकडच्या चाळीतले लोक घागरी घेऊन आले. सेक्रेटरी म्हणाले, "आधी लहान पोरांच्या घरांना." चाळीशी आपलं तोवर नमस्कारापुरतं होतं. त्या आठवड्यापासून गणपतीची आरती एकत्र होते. जुलै २०२१ च्या पुरात पुन्हा तीच गत झाली, पण तेव्हा दोर आधीच बांधलेला होता.

त्यानंतर सोसायटी बदलली. गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळणीतून विहिरीत सोडलं. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपली गच्ची ३७० चौरस मीटर. वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला तर ३ लाख ७० हजार लिटर, आणि पाचवा हिस्सा वाया गेला तरी तीन लाखांच्या आसपास पाणी जमिनीत मुरतं. ओला कचरा वेगळा करून मागे खड्ड्यात खत होतं, ते आपल्याच कुंड्यांना जातं. आता सामायिक विजेसाठी सौर पॅनेलचा विषय चालू आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापराला दर किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालले तर मेंटेनन्स कमी होईल, हे माझ्यातला खजिनदार सांगतो.

यंदाच्या वार्षिक सभेपुढे विहिरीचा विषय पुन्हा आलाय. घरं २४, पण चारचाकी आता ३१. मागच्या महिन्यात रुग्णवाहिकेला आत यायला जागा मिळाली नाही. हे मी स्वतः पाहिलंय, त्यामुळे पार्किंग मागणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांची अडचण खरी आहे. एका घराला एकच गाडी आत, ही पाटी लावायची का, समोरची जागा भाड्याने घ्यायची का, यावर बोलू या. पण बुजवलेली विहीर पुन्हा उघडत नाही, एवढं मतदानाआधी लक्षात असू द्या.

गच्चीवरून वायव्येला जोतिबाचा डोंगर दिसतो. आज तिथं जे मोठं देऊळ आहे ते राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं, हे पुष्कळांना माहीत असतं. यमाईसमोरचं जमदग्नी तीर्थही त्यांनीच बांधलं, हे फार जणांना माहीत नसतं. चैत्रात सासनकाठ्या घेऊन येणाऱ्या माणसाला दर्शनाआधी तांब्याभर पाणी लागतं, हे त्या सरदाराला कळत होतं. मला कळायला २०१९ साल उजाडावं लागलं.

सेक्रेटरींना एक विनंती आहे. मतदानाआधी २००४ ची वही उघडून माझा तो ठराव मोठ्याने वाचून दाखवावा, खाली माझी सही आहे तीसुद्धा. आणि त्यानंतर आक्कांचा प्रश्न वाचावा. मग ज्याला जसं वाटेल तसं त्याने मत द्यावं.

चांगभलं!