दहा इंची चाकाची मर्यादा : मिनी कूपरच्या ब्रेकसुधारणेचा इतिहास

१

यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष सामान्यतः शोधाच्या क्षणावर खिळलेले असते. कोणी, कोठे व कोणत्या वर्षी एखादी कल्पना प्रथम मांडली, याची नोंद झाली की प्रकरण पुरे झाले, असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एड्जर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात या सवयीवर आक्षेप घेतला आणि तंत्रविद्येचा इतिहास हा शोधाचा नव्हे, तर वापराचा इतिहास म्हणून लिहिला पाहिजे, असे प्रतिपादन केले. वापराच्या इतिहासात डागडुजी येते, जुन्या वस्तूला नव्या वस्तूचा अवयव जोडणे येते, आणि हे सर्व ज्या मर्यादेत करावयाचे ती मर्यादा, म्हणजे वापरणाऱ्याचा खिसा, हीही येते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका लहानशा उदाहरणाचा विचार करावयाचा आहे. इंग्लंडमध्ये १९६१ पासून बनलेल्या ‘मिनी कूपर’ या वेगवान छोट्या मोटारीचे ब्रेक तिच्या मालकांनी पुढील काळात थोड्या खर्चात कसे सुधारले, हे ते उदाहरण होय. विषय वरवर पाहता कारखान्याच्या आवारातला वाटेल. परंतु ज्या सुधारणेवर माणसाचा जीव अवलंबून आहे, ती स्वस्तात करताना काय मिळते व काय हातचे जाते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकालाही विचारात घ्यावा लागतो.

२

ब्रेक मोटार थांबवतो, असे आपण म्हणतो. वस्तुतः ब्रेक गतीचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. चालक व एक प्रवासी धरून सुमारे ८०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिला थांबविताना सुमारे तीन लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये उतरते. एक लिटर पाणी खोलीच्या उष्णतामानापासून उकळीपर्यंत नेण्यास जवळजवळ एवढीच उष्णता लागते. शिवाय ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. एकदा थांबणे ही कोणत्याही ब्रेकला अवघड गोष्ट नाही. खरी कसोटी लागते ती लागोपाठ पाचव्या किंवा दहाव्या वेळी थांबताना.

या कसोटीला जुना ड्रम ब्रेक उतरत नसे. त्यात ढोलासारख्या बिडाच्या भांड्याच्या आतून दोन शू बाहेरच्या दिशेने दाबले जातात. भांडे तापले की प्रसरण पावते व शूपासून दूर सरकते. अस्तराचे घर्षण उष्णतेने कमी होते. आणि बंद भांड्यातील उष्णतेला बाहेर पडण्यास वाव नसतो. घाट उतरताना ब्रेक हळूहळू ‘लागेनासे’ होतात, त्याचे कारण हेच. डिस्क ब्रेकमध्ये उघड्यावर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. चकती तापून फुगली तरी ती पॅडपासून दूर जात नाही आणि तिला वारा लागत राहतो. मात्र फिरत्या भांड्याबरोबर ड्रमचा एक शू आपोआप अधिक आवळला जातो, तो लाभ डिस्कला नाही. म्हणून तिला पेडलवर अधिक दाब द्यावा लागतो.

डिस्कची कल्पना जुनी आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली इंग्लंडमध्ये तिचे पेटंट घेतले. धातूवर धातू घासून होणारा कर्कश आवाज ही तेव्हाची मोठी अडचण होती. त्याच शतकाच्या पहिल्या दशकात हर्बर्ट फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसयुक्त अस्तर प्रचारात आणल्यावर ब्रेकच्या घर्षणाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. परंतु त्या तंतूंची धूळ फुफ्फुसांना घातक आहे, ही जाणीव कायद्यात पूर्णपणे उतरण्यास ब्रिटनमध्ये १९९९ साल उजाडले. डिस्कचे श्रेष्ठत्व सर्वांच्या नजरेस आले ते १९५३ साली ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत. तेथे डनलॉप डिस्क बसविलेली जॅग्वार ‘सी-टाईप’ टोनी रोल्ट व डंकन हॅमिल्टन यांनी पहिली आणली आणि त्या शर्यतीचा सरासरी वेग प्रथमच ताशी १०० मैलांपलीकडे गेला. १९५५ साली सिट्रोएन डीएस व १९५६ साली ट्रायम्फ टीआर-३ या मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या. शर्यतीतील वस्तू तीन वर्षांत विक्रीच्या मोटारीत उतरली, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु ही उतरण श्रीमंतांच्या पायरीवर थांबली होती. ती खाली कशी आली, हे मिनीच्या इतिहासावरून दिसते.

३

सुएझच्या संघर्षानंतर, १९५६-५७ साली, पेट्रोलची टंचाई झाली आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिस यांच्याकडे छोट्या, काटकसरी मोटारीचे काम सोपविले. ऑगस्ट १९५९ मध्ये बाजारात आलेल्या मिनीची साधी आवृत्ती करासह ४९६ पौंड १९ शिलिंग २ पेन्सला मिळत असे. तीन मीटरांहून थोड्या अधिक लांबीत चार माणसे बसवावयाची, तर चाकांनी आतली जागा अडविता कामा नये. म्हणून इसिगोनिस यांनी केवळ दहा इंच व्यासाची चाके घेतली. या एका निर्णयाने ब्रेकचा पुढील सर्व इतिहास ठरवून टाकला, कारण ब्रेक चाकाच्या आतच मावला पाहिजे. सुरुवातीस सात इंची ड्रम चारही चाकांना होते आणि ३४ अश्वशक्तीच्या, ताशी सुमारे ७२ मैल धावणाऱ्या गाडीला ते कसेबसे पुरत.

शर्यतींच्या मोटारी बांधणाऱ्या जॉन कूपर यांच्या आग्रहावरून १९६१ साली ९९७ घन सेंटिमीटर व ५५ अश्वशक्तीची मिनी कूपर निघाली. तिचा वेग ताशी सुमारे ८५ मैलांपर्यंत गेला. म्हणजे कमाल वेगावरून थांबताना ब्रेकवर पडणारा उष्णतेचा भार सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. तिच्या पुढच्या चाकांना सात इंची डिस्क दिल्या होत्या. त्या काळी इतकी लहान डिस्क मोटारीला बसविणे ही करामतच होती. परंतु पॅड इतके लहान होते की या ब्रेकविषयी चालक समाधानी नसत. १९६३ च्या ‘कूपर एस’मध्ये डिस्क साडेसात इंची व अधिक जाड झाली आणि पेडलचा दाब वाढविणारा निर्वात सर्व्हो जोडला गेला. मिनीने १९६४, १९६५ व १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली, तेव्हा तिच्या इंजिनाची स्तुती पुष्कळ झाली. आल्प्स पर्वतातील उतारांवर तिला सावरून धरणाऱ्या या अर्ध्या इंचाच्या वाढीची आठवण फार थोड्यांनी ठेवली.

दहा इंची चाकात याहून मोठी डिस्क सहजासहजी मावत नव्हती. ही कोंडी १९७४ साली फुटली. ‘१२७५ जीटी’ या मिनीला बारा इंची चाके मिळाली आणि त्यांबरोबर ८.४ इंची, म्हणजे सुमारे २१३ मिलिमीटर व्यासाची डिस्क आली. १९८४ मध्ये हाच जोड सर्व मिनींना लागू झाला. १९५९ मध्ये जो ब्रेक गाडीच्या किमतीने व चाकाने बांधलेला होता, तो मोकळा होण्यास पंचवीस वर्षे लागली.

४

कारखान्याचा हा क्रम येथे संपतो. मालकांचा क्रम येथूनच सुरू होतो. १९६१ ते १९७१ या काळातील कूपर एव्हाना जुन्या झाल्या होत्या आणि त्यांची इंजिने मालकांनी मूळच्याहून अधिक जोरकस केली होती. ‘एस’ची संख्या मुळात मर्यादित, तिचे सुटे भाग दुर्मिळ व महाग होत गेले. अशा वेळी मदतीस आली ती १९८० साली निघालेली ऑस्टिन मेट्रो. ही शर्यतीची गाडी नव्हे. बाजारहाटाची कौटुंबिक गाडी. १९८० ते १९९८ या काळात निरनिराळ्या नावांनी ती वीस लाखांहून अधिक बनली. १९९० पर्यंतच्या मेट्रोचे इंजिन मिनीच्याच घराण्यातले होते, डिस्क ८.४ इंची होती, आणि प्रत्येक कॅलिपरात, म्हणजे चकतीला कवेत घेणाऱ्या बिडाच्या चिमट्यात, दोनऐवजी चार दट्टे होते. मेट्रोचा पत्रा लवकर गंजे व सक्तीच्या वार्षिक तपासणीत नापास झालेल्या गाड्या भंगारात जात. परंतु पत्रा गेला तरी कॅलिपर शाबूत राही. भंगारवाल्याच्या आवारातून तो अल्प मोलात मिळत असे.

ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ल माँची डिस्क कूपरपर्यंत वरून खाली आली, असे मागे दिसले. परंतु कूपरची पुढची सुधारणा शर्यतीतून आली नाही. ती अधिक जड, अधिक सामान्य व अधिक संख्येने निघालेल्या गाडीतून आली. स्वस्त सुधारणेचा स्रोत बहुधा असाच असतो. जड गाडीचा ब्रेक अधिक उष्णता पचविण्यासाठी बनविलेला असतो आणि मोठ्या संख्येमुळे तो स्वस्त पडतो.

तथापि अवयव स्वस्त मिळाला म्हणून सुधारणा स्वस्त होतेच, असे नाही. ८.४ इंची डिस्क बसवावयाची तर दहा इंची चाके जाऊन बारा इंची आली, नवे टायर आले, ‘एस’हून भिन्न फ्लँज आली. मूळची ड्रमवाली मिनी असेल, तर हब व धुऱ्यांचे बाहेरचे सांधेही डिस्कच्या गाडीचे घ्यावे लागत. एक कडी बदलली की साखळी बदलावी लागते, हा अनुभव येथेही आला.

याहून महत्त्वाची गोष्ट तेलाच्या मार्गाची. मेट्रोच्या कॅलिपरात ब्रेक ऑईल दोन स्वतंत्र वाटांनी येई. एक नळी फुटली तरी दुसरीच्या जोरावर दोन्ही पुढच्या चाकांचे ब्रेक चालू राहावेत, हा त्यामागचा हेतू. जुन्या कूपरला वाट एकच होती. तेव्हा मालकांनी कॅलिपरच्या दोन्ही वाटा एकत्र जोडून दिल्या आणि काम भागविले. ब्रेक जोरकस झाला; परंतु त्या कॅलिपरमध्ये जे अभय होते, ते बसविताना गमावले गेले. काही मालकांनी मात्र मास्टर सिलिंडरही दुहेरी बसवून तेलाच्या वाटा विभागल्या. दोन्ही गाड्या बाहेरून सारख्याच दिसतात. नळी फुटेल त्या दिवशी त्यांतील भेद कळतो.

तिसरा प्रश्न समतोलाचा. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो व मागची चाके हलकी होतात. मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी गरकन फिरते. म्हणून मिनीत मूळपासूनच मागचा दाब मर्यादित करणारी झडप होती. पुढचा ब्रेक थोराड केल्यावर मागच्याचा वाटा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्याचप्रमाणे मोठ्या दट्ट्यांना अधिक तेल लागते व पेडल अधिक खोल जाते. त्याला साजेसा मास्टर सिलिंडर न घेतल्यास चालकाला ब्रेक पूर्वीपेक्षा मऊच वाटतो.

५

या सर्वांतून अल्प खर्चाच्या सुधारणेचा एक क्रम हाती येतो. ज्या ब्रेकने चाके आताच जाम होऊ शकतात, तेथे पहिल्या थांबण्याचे अंतर डिस्कवर नव्हे, तर टायरच्या पकडीवर अवलंबून असते. मोठी डिस्क पहिले थांबणे सुधारीत नाही, पाचवे सुधारते. म्हणून ज्याला घाटात किंवा शर्यतीत गाडी न्यावयाची नाही, त्याने प्रथम टायर, पॅड, जुनाट रबरी नळ्या, दट्ट्यांची सील व मागच्या शूंचे अंतर यांकडे पाहावे. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो; ओलावा शोषलेल्या अवस्थेत त्याची किमान मर्यादा केवळ १५५ अंश धरली आहे. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकते. तेल बदलणे हा या यादीतील सर्वांत स्वस्त उपाय, आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षिलेला. जुने ड्रम उघडताना त्यातील धूळ फुंकून उडवू नये, कारण तीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे.

ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांपलीकडील, फारसा बदल न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. त्यामुळे अशा गाडीचा ब्रेक पुरेसा आहे की नाही, हे पाहण्याची वर्षाकाठची बाहेरची नजर उरली नाही. रस्त्यावर ती सुस्थितीत ठेवण्याचे उत्तरदायित्व मात्र मालकावर कायम आहे. ज्या हातांनी भंगारातला कॅलिपर बसविला, त्याच हातांवर आता त्याच्या परीक्षेचाही भार आहे.

शेवटी इतिहासकाराची अडचण. कूपरचा मूळ सात इंची ब्रेक हा १९६१ सालचा पुरावा आहे. तो काढून टाकला की पुरावा नाहीसा होतो. परंतु मेट्रोचा कॅलिपर लावलेली कूपर हाही पुरावाच आहे: लोकांनी ती गाडी किती काळ, कोणत्या भीतीने व कोणत्या ऐपतीत चालविली, याचा. कारखान्याच्या दप्तरात याची नोंद सापडणार नाही. यातून मार्ग एकच दिसतो. जीवरक्षणाकरिता ब्रेक अवश्य बदलावा, परंतु तो पुन्हा मूळपदावर आणता येईल अशा रीतीने. काढलेला भाग जपून ठेवावा. आणि काय, केव्हा व कोणत्या गाडीतून घेऊन बसविले, याची तारीखवार टीप गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. पुढच्या मालकाला ती टीप सावध करील, आणि पुढच्या अभ्यासकाला तीच साधन म्हणून उपयोगी पडेल.