काकांचा लाल बिल्ला आणि आजोबांचं ३८-ई

दिवाळीत सेनगावला गेलो होतो. (सेनगाव कुठे? हिंगोली जिल्ह्यात. हिंगोली कुठे? हा पुण्यातला ठरलेला पुढचा प्रश्न. १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, आता आलं लक्षात?) निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसात जेवताना वाद रंगला होता, उजवा पक्ष म्हणजे नक्की काय? एक म्हणाला धर्म आणि संस्कृती, दुसरा म्हणाला बाजारपेठ, तिसरा म्हणाला टॅक्स कमी करतो तो. मी नेहमीप्रमाणे गप्प बसलो, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. मग प्रश्न गावाकडे घेऊन गेलो.

माझे काका ऐंशीच्या दशकात शर्टाला लाल बिल्ला लावून फिरायचे, शेतकरी संघटनेचा. त्यांना विचारलं तर म्हणाले, "लेका, उजवं डावं तुमच्या पुण्यात. माझा माल मला विकू देतंय का नाही, तेवढं सांग."

हे ऐकून हसलो, पण पुण्याला आल्यावर दोन रविवार त्यातच गेले.

आपल्याकडे 'आम्ही समाजवादाच्या विरोधात आहोत' असं उघड सांगणारा मोठा पक्ष एकच झाला, स्वतंत्र पक्ष. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. म्हणजे शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून कसायच्या. त्यावर राजाजी भडकले आणि त्याच वर्षी नवा पक्ष उभा राहिला. राजाजी तेव्हा ऐंशीच्या घरात! सोबत प्रा. रंगा, क. मा. मुन्शी आणि मिनू मसानी. हे मसानी म्हणजे गंमतच. १९३० च्या दशकात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश आणि अच्युत पटवर्धनांबरोबर काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना घडवणाऱ्यांतले एक. जो माणूस स्वतः समाजवाद लिहून बसलाय, त्यालाच त्यातले बग आधी दिसतात, असं माझं आपलं प्रोग्रॅमरचं मत.

'परमिट-लायसन्स राज' हा शब्द राजाजींचा. पक्षाचं धोरण २१ कलमांचं, आणि त्याबाहेरच्या प्रश्नांवर प्रत्येक सदस्याला स्वतःच्या मताने वागायची मोकळीक. गाईवर, भाषेवर, देवाधर्मावर पक्षाचा हुकूम नाही. सत्तेने माणसाच्या घरात, शेतात, दुकानात फार शिरू नये, ही मूळ गोष्ट. १९६२ ला लोकसभेत १८ जागा, १९६७ ला ४४ आणि सगळ्यात मोठा विरोधी पक्ष. १९७१ ला ८. १९७४ ला चरणसिंगांबरोबर भारतीय लोकदलात विलीन. संपलं. महाराष्ट्रात तर हे रोप कधी रुजलंच नाही.

का रुजलं नाही, याचं एक उत्तर मला आमच्या घरातच सापडलं. माळ्यावर पत्र्याची पेटी आहे. त्यात काही उर्दू कागद, १९५४ चं खासरा पत्रक आणि आजोबांच्या नावाचं ३८-ई चं प्रमाणपत्र. आम्ही निजामाच्या मुलखातले. १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो. १९४९ ला जहागिऱ्या गेल्या आणि १९५० ला हैदराबादचा कुळवहिवाट कायदा आला. त्याच्या ३८-ई कलमाखाली संरक्षित कुळांना मालकी मिळाली. आजोबा एका मोठ्या वाड्याची जमीन कसायचे. कागद हातात आला त्या दिवशी ते शेतात जाऊन नुसते बसून राहिले, असं आजी सांगायची.

आता गोची बघा. ज्या कायद्यांनी जहागिऱ्या घालवल्या त्यांच्यावर कोर्टात दाद मागता येऊ नये म्हणून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत नववं परिशिष्ट आलं. सुरुवातीच्या १३ कायद्यांत हैदराबादचा जहागीर रद्द करणारा कायदाही होता. पुढे १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने त्यात आणखी ४४ कायदे कोंबले. स्वतंत्र पक्ष याच्या विरोधात उभा राहिला, आणि आज वाचताना मला त्यांचं म्हणणं पटतं. कोर्टाचं दार एकदा बंद केलं की ते फक्त जहागीरदारासाठी बंद राहत नाही. पण १९६४ साली हे आजोबांना कुणी कसं सांगणार होतं? त्यांची मालमत्ता सरकारी कायद्यातूनच आलेली. आणि स्वतंत्र पक्षाच्या स्टेजवर कोण? जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी, बिहारात रामगढचे राजे. मालमत्तेचं रक्षण म्हणजे वाड्याचं रक्षण, असंच कुळाला वाटणार. त्यात त्याची काय चूक?

काकांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या वेळी जमीन घरची होती, अडचण पिकाची होती. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी. कापूस सरकारी योजनेतच विकायचा, शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी तिकडे न्यायचा नाही. स्वतःचाच कापूस सीमेपलीकडे नेला तर शेतकरी चोर. केंद्रावर गाड्यांची रांग, आणि पैसे हप्त्याने.

अशात शरद जोशी आले. पोस्ट खात्यातले अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला टपाल संघात नोकरी, ती सोडून १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती. १९८० ला कांदा आणि उसाची आंदोलनं, मग मराठवाडा, विदर्भ. १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढला, नावातच राजाजींची आठवण. विचार तोच, पण टोक उलटं. जमीन कुणाकडून आली हे त्यांनी उकरलं नाही, पिकाचा पैसा कुठे जातो ते विचारलं. १९९० च्या आसपास लक्ष्मीमुक्ती काढली, नवऱ्याने थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. मालमत्तेचा हक्क इतका पवित्र असेल तर तो घरातल्या बाईला का नको? स्वतंत्र पक्षाला हा प्रश्न तीस वर्षं आधी सुचला असता तर... असो.

आणि तरीही मतं मिळाली नाहीत. सभेला लाखो, मतपेटीत चिमूटभर.

सगळ्यात मजेशीर भाग पुढेच. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाप्रमाणे नोंदणी हवी असेल तर पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. समाजवादाला विरोध करण्यासाठी काढलेल्या पक्षालासुद्धा! महाराष्ट्रातल्या स्वतंत्र पक्षाच्या उरल्यासुरल्या मंडळींनी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याला आव्हान दिलं. शरद जोशी राज्यसभेत असताना (२००४-१०) त्यांनी तो शब्द काढायचं खासगी विधेयकही आणलं. शब्द अजून आहे तिथेच आहे. भाजपने तर १९८० मध्ये मुंबईच्या अधिवेशनात स्वतःहूनच 'गांधीवादी समाजवाद' स्वीकारला होता. आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क घटनेतून काढला कुणी? १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, जनता सरकारने. त्या जनता पक्षात जनसंघ होता, लोकदल होतं, जुने स्वतंत्रवालेही होते.

म्हणून मला आता लेबलात रस उरलेला नाही. पक्ष सत्तेबाहेर असताना सरकारचा हात नको म्हणणं सोपं आहे, तो हात स्वतःचा झाल्यावर काय करतो ते बघायचं. २०२० चे कृषी कायदे आले तेव्हा काकांच्या संघटनेने पाठिंबा दिला, ते २०२१ ला मागे गेले. त्याच डिसेंबरात सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे सेबीने थांबवले आणि बंदी पुढे वाढत राहिली. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याची निर्यात बंद. हे सगळं ज्याला आपण उजवं म्हणतो त्या सरकारच्या काळात.

निघताना काकांना पेटीतलं प्रमाणपत्र दाखवलं. म्हटलं, तुमच्या राजाजींना हे पटलं नसतं. ते चिडले नाहीत. "जमीन दिली, चांगलं केलं. मग हात काढून घ्यायचा ना बाबा! तो तसाच खिशात ठेवलाय."

काकू मागे उभ्या होत्या. लक्ष्मीमुक्तीतली दोन एकर सातबाऱ्यावर त्यांच्या नावाने आहे. "माझ्या दोन एकराचं सोयाबीन मी परवाच घातलं," त्या म्हणाल्या. "ह्यांचं पडलंय खोलीत, भाव वाढंल म्हणून."

काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.