ओस धुळे आणि कुलूपबंद घरे

घरांना आशीर्वाद देण्यासाठी धर्मग्रामात फिरताना कुलूप लावलेली दारे आम्हास दरवर्षी भेटतात. घरधनी पुण्यास वा सुरतेस. भाड्याने द्यावे तर भाडेकरू उठेल की नाही, ही धास्ती. त्याच गल्लीच्या टोकास पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसे राहतात. अशा वेळी आम्हास धुळ्याचा जुना इतिहास आठवतो.

1802 मध्ये होळकरांच्या फौजेने खानदेश लुटला. त्यामागोमाग 1803 चा भयंकर दुष्काळ आला आणि धुळे समूळ ओस पडले. पुढच्या वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आला व कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्यास ठाणे केले. जानेवारी 1819 मध्ये सरकारची मंजुरी मिळवून त्याने वस्तीस येणाऱ्यांना घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली. पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना व व्यापाऱ्यांना आगाऊ रकमाही दिल्या. ब्रिग्ज काही संत नव्हता. वसलेल्या गावातूनच सरकारचे उत्पन्न वाढते, हे तो जाणून असावा. पण पैसा हाती पडला तो राहणाऱ्याच्या, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

जळगावात उलट घडले. गेल्या शतकाच्या अखेरीस नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी सुमारे 11 हजार घरकुले योजिली. पुरी झाली ती दीड हजारांच्या आसपास. ठेकेदारास बिनव्याजी आगाऊ रक्कम दिल्याचा ठपका होता. गैरव्यवहार सुमारे 29 कोटींचा. 2006 मध्ये आयुक्तांनी फिर्याद दिली आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्याच विशेष न्यायालयाने 48 जणांस दोषी ठरविले. त्यांत माजी मंत्रीही होते. शिक्षेविरुद्ध पुढे उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली.

तर मग नवी घरे बांधणे हाच एक उपाय काय? 2011 च्या जनगणनेत देशातील शहरांत सुमारे 1 कोटी 11 लाख वास्तू रिकाम्या आढळल्या. 2012 मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ गटाने शहरी घरांची तूट सुमारे 1 कोटी 88 लाख काढली; त्यांतील 80 टक्के कुटुंबांना छप्पर होते, पण राहणे दाटीवाटीचे. तूट आणि कुलूप एकाच गल्लीत नांदतात ते असे.

कुलपामागे कायद्याचाही हात आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे 1940 च्या पातळीशी जखडले. भाडेकरूस आसरा मिळाला, पण नव्याने घर भाड्याने देण्याचे मालकाचे धैर्य खचले. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्रात नवा कायदा आला. त्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदविला, तर मुदत संपल्यावर घर परत मिळविण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी न चढता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

एका घरधन्यास आम्ही हे समजावून सांगितले. ‘‘फादर, पुढच्या ईस्टरला बघू,’’ तो म्हणाला. त्यानंतर दोन ईस्टर झाले. कुलूप तेच आहे.